प्राजक्ताच्या नावाची चार प्रशस्तिपत्रं

अर्जाच्या सहाव्या पानावर तो रकाना होता, आणि त्या पानापर्यंत पोचेस्तोवर रुक्मिणी परब मजेत होती.

फॉर्म भरणं म्हणजे तिच्या हातचा मळ. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात ती अकरा वर्षं पॅकिंग लाइनची सुपरवायझर होती. खोक्यावरची तारीख जरा पुसट छापली गेली, तर ती अख्खी रास परत पाठवायची. लाइनवरच्या पोरींना ती रोज एकच गोष्ट सुनवायची: लिहिलं नाही, तर झालं नाही. पोरी पाठीमागे तिची नक्कल करायच्या, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

तर सहावं पान. 'वर्गाबाहेर सलग किमान तीन वर्षं जोपासलेला उपक्रम. पुरावा जोडावा.' आणि खाली बारीक अक्षरांत, निवडीत या पानाला किती वजन आहे ते. प्रवेशपरीक्षा एका बाजूला, बारावीचे गुण एका बाजूला, आणि हे पान जवळजवळ त्या दोघांच्या तोलाचं.

"ह्या तर आमचा हुकमाचा पान," रुक्मिणी म्हणाली. "घुमटवादन घाल. चार वर्सां."

तनया लॅपटॉपसमोर बसली होती. तिने काही घातलं नाही. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

कॉलेज पुण्याजवळचं. पदार्थविज्ञानाला अख्ख्या देशातून साठ मुलं घेणारं. तनयाच्या उच्च माध्यमिकमधल्या सरांनी त्याचं नाव सांगितलं, आणि तेव्हापासून या मुलीने दुसऱ्या कुठल्याही कॉलेजाचं नाव काढलं नव्हतं. त्यांच्या प्रवेशपरीक्षेत तिने चांगले गुण मिळवले, मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि मुलाखतीच्या दिवसापर्यंत हा अर्ज कागदपत्रांसह पुरा करायचा होता. हातात पंधरा दिवस होते.

अडचण एकच होती, ती बारावीची. चौऱ्याऐंशी टक्के. वाईट नाहीत, पण त्या साठांत बसायला आलेली बाकीची पोरं पंच्याण्णवच्या खाली बोलत नाहीत म्हणे. तनयाचे वडील गोकुळदास पेडण्याला एका पतसंस्थेत कारकून होते. त्यांच्या मते तनयालाही चौऱ्याण्णव पडायला हवे होते, आणि मधले दहा टक्के कुठे गेले हेही त्यांना नक्की ठाऊक होतं. घुमटात गेले. आठवी ते अकरावी, चार वर्षं, श्रावण लागला की गणपतीची चवथ होईपर्यंत रोज संध्याकाळी रुक्मिणी कारखान्यातून यायची, तनयाला स्कूटरवर मागे बसवायची आणि पार्से ते इब्रामपूर न्यायची. तिथे रुक्मिणीचं माहेर. तिच्या थोरल्या भावाने, बाबलीने, गावातल्या मुलींचं घुमट आरतीचं पथक काढलं होतं. पार्सेत मुलींचं पथक नव्हतं. तनयाला घुमट शिकवलं ते मामानेच, सुट्टीत, अंगणात बसवून. मातीच्या त्या घागरीच्या एका तोंडाला चामडं असतं, दुसरं तोंड उघडं असतं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्याने उघडं तोंड झाकत-उघडत आवाज वळवायचा. बाबलीच्या स्वतःच्या मुलीचे, प्राजक्ताचे, दोन्ही हात एका वेळी कधीच चालले नाहीत. तनयाचे पहिल्या आठवड्यातच चालले.

"अभ्यासाच्या टायमार घुमट," गोकुळदास दर वर्षी म्हणायचे. "हिका काय देवळात नोकरी करूची आसा?"

आणि दर वर्षी रुक्मिणी एकच उत्तर द्यायची. शाळेत एकदा पालकसभेला पणजीहून कोणीतरी बाई आल्या होत्या. आता मोठी कॉलेजं नुसते गुण बघत नाहीत, मूल बाकी काय करतं तेही बघतात, असं त्या म्हणाल्या. रुक्मिणीने ते वाक्य पदराला गाठ मारून आणलं आणि चार वर्षं नवऱ्यासमोर सोडत राहिली. बारावीच्या वर्षी मात्र तडजोड झाली. घुमट बंद, फक्त अभ्यास. तरी चौऱ्याऐंशी.

"घाल गो," रुक्मिणी म्हणाली. "पुरावो मी मागतंय दादाकडे."

प्रशस्तिपत्रं मामाच्या घरी होती. पथकाची ढाल देवळात आणि वादकांचे कागद मामाच्या भिंतीवर, चौकटी करून. रुक्मिणीने तिथल्या तिथे बाबलीला फोन लावला. चारही वर्षांच्या 'उत्कृष्ट घुमटवादक' प्रशस्तिपत्रांचे फोटो काढून पाठव म्हणून सांगितलं. बाबली नेहमीसारखाच खुशीत होता. पाच मिनिटांत मोबाइलवर चार फोटो आले. एकदम स्वच्छ. चौकटीच्या काचेत बाबलीचं स्वतःचं ढेरपोट दिसत होतं आणि मधोमध सोनेरी अक्षरांत नाव: कु. प्राजक्ता बाबली गवस. चारहींवर ते एकच नाव.

रुक्मिणीने फोटो मोठा केला. मग लहान केला. मग तनयाकडे पाहिलं. तनयाला आधीच माहीत होतं, म्हणूनच ती मघापासून नुसती बसली होती.

आता, रुक्मिणी विसरली होती असं म्हणावं तर तेही खोटं. ती विसरली नव्हती. तिने त्याचा विचारच केला नव्हता, आणि हे जास्त वाईट.

तनया आठवीत असताना श्रावणातच कधीतरी बाबली कागद घेऊन आला होता. डिचोलीतल्या एका मंडळाच्या स्पर्धेचा नियम होता, पथकातल्या सगळ्या वादक त्याच गावच्या रहिवासी हव्यात. तनयाचं नाव घातलं तर गाव पार्से येणार आणि पथक बाद होणार.

"प्राजक्ताचा नाव घालतंय," बाबली म्हणाला होता. "नाव प्राजक्ताचा, हात तनयाचो. घरचीच चेडवां मगो. हंय सय कर."

पालकाच्या सहीची ती जागा होती. बाबलीची सही तर संघप्रमुख म्हणून आधीच वर होती, आणि दोन्हीकडे एकच सही बरी दिसत नाही म्हणून पालक म्हणून मुलीच्या आत्याची घेऊ, असं त्याचं डोकं चाललं होतं. रुक्मिणी तेव्हा भाकरी थापत होती. तिने पिठाचे हात पुसले, आणि पुसट तारखेवरून अख्खी रास परत पाठवणाऱ्या या बाईने, समोर उभ्या असलेल्या आपल्या मुलीला दुसऱ्याच मुलीचं नाव देऊन टाकलं. पुढची तीन वर्षंही तेच. दर वर्षी नवा कागद, तीच सही.

खरं सांगायचं तर तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. गावागावांत हे चालतं. नाटकाला, क्रिकेटला, फुगडीला, सगळीकडे वादक नि खेळाडू उसने घेतले जातात आणि मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकही असतं. मात्र पुण्याजवळच्या कॉलेजाला ते ठाऊक नसतं.

गोकुळदासांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "म्हणजे दहा टक्केय गेले, आणि घुमटय गेला."

नंतर मात्र त्यांना ऊत आला. दुसऱ्या दिवसापासून ते पतसंस्थेतून आले की लॅपटॉपला चिकटायला लागले. इंटरनेटवर दहा प्रश्नांची उत्तरं दिली की प्रमाणपत्र मिळतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. जलसंवर्धन, योग, रस्ता सुरक्षा, पक्षी ओळखा. आठवड्याभरात अकरा प्रमाणपत्रं झाली, सगळी रंगीत, सगळ्यांवर तनया गोकुळदास परब. उत्तरं गोकुळदासांची. पक्ष्यांच्या परीक्षेत त्यांना दहापैकी नऊ मिळाले, ते त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं.

"ही जोडया," ते म्हणाले.

रुक्मिणीचं टाळकं फिरलं. "सलग तीन वर्सां म्हणटत ते! ही आठ दिसांत काढलेली, तारखो दिसतत खालती. आणि एक खोटां निस्तरूक येवक नाय, तुमी अकरा नवी करतास?"

"मगे तू काय ता कर!"

तिने काय ते केलं. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत डिचोलीच्या मंडळाच्या चिटणीसांना फोन लावला. नाव सांगितलं नाही. एका प्रशस्तिपत्रावर नाव चुकून दुसरं पडलं असेल आणि दुरुस्त करायचं असेल तर काय करावं लागेल, एवढंच विचारलं.

चिटणीस सभ्य माणूस होता. "स्पेलिंग चुकलंय का बाई? लगेच करून देऊ."

"स्पेलिंग न्हय. माणूसच दुसरं."

पलीकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बाई, तसं असेल तर लेखी द्या. पण मग पथक बाद होईल. ढाल परत, आणि सगळ्या मुलींची प्रशस्तिपत्रं रद्द. नऊ मुली असतात ना पथकात? विचार करून द्या."

नऊ मुली. त्यातल्या शामेळ हे जोडीचं वाद्य वाजवणाऱ्या एकीला याच प्रशस्तिपत्रावर कुठलीशी शिष्यवृत्ती मिळाली होती ते रुक्मिणीला माहीत होतं. तिने फोन ठेवला, डबा न खाता झाकला आणि दुपारभर लाइनवरच्या पोरींवर डाफरत राहिली. संध्याकाळी एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, आज काय झालां?" तिलाही डाफरली.

तरीही तिने पत्र लिहिलं; प्रशस्तिपत्रं रद्द झाली तरी वाजवणारी तनया होती हे मंडळाच्या लेखी येईल आणि सहाव्या पानाला जोडता येईल. दोन ओळींचं. 'कु. प्राजक्ता हिच्या नावावर माझी मुलगी वाजवत होती, सही माझी होती.' पत्र पर्समध्ये घातलं आणि रविवारी तनयाला मागे बसवून इब्रामपूरला निघाली. भावाला आधी तोंडावर सांगायचं, मग पत्र टाकायचं, असा तिचा सरळ हिशेब होता.

एप्रिलचा दुसरा आठवडा. बाबली काजूच्या भट्टीवर होता. अर्धं गाव त्या दिवसांत तिथेच असतं. बोंडं तुडवलेल्या रसाचा वास हमरस्त्यापासूनच येत होता. वरून मोप्याला उतरणारं विमान गेलं, तेव्हा बाबलीने वर बघितलं आणि मग बहिणीकडे.

"कधी इलंस गो? गंगा, निरो दी ह्यांका."

गंगा वहिनी काजूच्या ताज्या रसाचे दोन पेले घेऊन आली. रुक्मिणीने पेला हातात घेतला नाही. सगळं एका दमात सांगितलं: कॉलेज, सहावं पान, चिटणीस, पत्र. बाबली ऐकत होता आणि त्याच्या तोंडावरची खुशी कमी कमी होत गेली. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "पत्र घालू नको."

"कित्याक? ढालीसाठी? चार वर्सां माज्या चेडवान हात सुजवून घेतले, आणि तुका ढाल लागता?"

"ढाल घाल खड्ड्यात," बाबली म्हणाला आणि बायकोकडे बघायला लागला.

गंगा वहिनीनेच सांगितलं. मागच्या वर्षी प्राजक्ताला बारावीला एकाहत्तर टक्के पडले. नर्सिंगला जागा मिळेना. एका कॉलेजात कलेतल्या यशासाठी म्हणून दोन जागा राखून ठेवलेल्या होत्या. बाबलीने भिंतीवरच्या चौकटी उतरवल्या, चार कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आणि प्राजक्ताला प्रवेश मिळाला. कोणी तिला वाजवून दाखव म्हटलं नाही. आता पहिलं वर्ष संपत आलं होतं.

रुक्मिणी भावासमोर जाऊन उभी राहिली. "म्हणजे माका न सांगता—"

"काय सांगू? तुका राग येतलो म्हणान नाय सांगलंय."

"आणि आता काय माका हसू येता?"

"रुक्मी," बाबली म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज वर चढला, "मी एकट्यान नाय केलंय ता. खालची सय कोणाची आसा ती बग."

हे ऐकून तिला त्याच्या डोक्यावर ते दोन्ही पेले ओतावेसे वाटले. खरं होतं म्हणूनच वाटलं.

इतक्यात घरातून प्राजक्ता आली. हातात रक्तदाब मोजायचा पट्टा होता. भट्टीवरच्या कामगारांवर ती सराव करत असे, आणि कोल्हापूरकडचा एक म्हातारा गडी बाही वर करून तिच्यामागोमाग आला होता. तिने आतून सगळं ऐकलं होतं. डोळे लाल होते.

"आत्ये, मी लिहून देतंय," ती म्हणाली. "घुमटाक हात कसो लावतत ताय माका येणा नाय, असां लिहितंय. सय करतंय. तनयाचा व्हवूंदे."

"गप रव!" बाबली ओरडला. "वरस फुकट जायत! काढून टाकतले तुका!"

"काढूंदेत."

ती खरंच लिहायला निघाली होती. पट्टा त्या म्हाताऱ्याच्या हातात देऊन ती कागद शोधायला वळली. रुक्मिणीचा हात पर्सवर होता. आत पत्र होतं, आता सोबत दुसरंही मिळणार होतं, आणि तिच्या मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला, की बरं झालं.

"नको," तनया म्हणाली.

तिने प्राजक्ताचा हात धरला होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"प्राजू, लिहू नको. आई, चल." आणि ती स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली.

परतीच्या वाटेवर रुक्मिणी तोंड बंद ठेवू शकली नाही. वारा कानात भरत होता तरी ती पुढे बघून बोलतच होती. भावाला शिव्या दिल्या. नवऱ्याला दिल्या, त्याच्या अकरा प्रमाणपत्रांसकट. त्या पणजीच्या बाईला दिल्या. कॉलेजाला तर यथेच्छ दिल्या: वाजवणारी मुलगी समोर आहे, तिला म्हणा वाजव, दोन मिनिटांत कळेल, त्याला कागद कशाला लागतो? असं म्हणताना स्वतःचंच लाइनवरचं वाक्य तिला आठवलं आणि तिची आणखी चिडचिड झाली. तनया मागे गच्च धरून बसली होती. एकदाच म्हणाली, "आई, हळू चालय."

घरी तिघांनी मिळून मार्ग काढला. म्हणजे रुक्मिणीने काढला आणि बाकीच्या दोघांनी मान हलवली. सहावं पान कोरं ठेवायचं. मुलाखतीत मात्र खरं सांगायचं: मी चार वर्षं घुमट वाजवते, माझ्याकडे कागद नाही. कुठलं मंडळ, कुठली स्पर्धा, कोणाचं नाव, काही सांगायचं नाही. आवाज कसा वळतो, उघडं तोंड झाकलं की नाद का बदलतो, ते पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगायचं. तसं सांगितलं की त्यांना कळेल, ही वाजवणारी आहे. रुक्मिणीने तिच्याकडून ते तीनतीनदा म्हणवून घेतलं. घुमट आणून मेजाखाली ठेवलं, म्हणाली, वेळ आली तर उचल आणि वाजव. पर्समधलं पत्र फाडून टाकलं. तनया प्रत्येक वेळी "हूं" म्हणाली.

मुलाखत बुधवारी सकाळी अकराला. रुक्मिणीने अर्धा दिवस रजा टाकली. तनया बाहेरच्या खोलीत खिडकीसमोर लॅपटॉप घेऊन बसली, आणि रुक्मिणी स्वयंपाकघराच्या पडद्याआड. मुलाखत इंग्रजीत होती, पण रुक्मिणीला ते अडत नव्हतं. कारखान्याच्या तपासणीला येणारे साहेब इंग्रजीतच गुरगुरतात.

पलीकडे तिघं होते. एक म्हातारे प्राध्यापक, एक तरुण, एक बाई. सुरुवातीची वीस मिनिटं तनयाने मैदान मारलं. गणितं सोडवली. एका ठिकाणी चुकली, स्वतःच थांबली आणि दुरुस्त केलं, तेव्हा म्हातारे "छान" म्हणाले. रुक्मिणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तरुणाने विचारलं, घरात, गावात बघितलेली अशी एखादी गोष्ट सांग, जिच्यामागचं विज्ञान शोधावंसं तुला वाटलं. रुक्मिणीने पडद्याआड मूठ आवळली. अगदी हाच प्रश्न. यावरच तर घोकंपट्टी झाली होती.

तनया म्हणाली, सकाळी आमच्याकडे पाववाला पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो; तो जवळ येताना आणि लांब जाताना आवाज वेगळा ऐकू येतो. पुस्तकातलं आगगाडीचं उदाहरण, फक्त गाडीऐवजी पोदेर. तरुणाने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

"तुझं सहावं पान कोरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगला होता, काळजीचा. "अभ्यासाशिवाय तू काहीच करत नाहीस का? खेळ, कला, काहीही. कागद नसला तरी सांग, आम्ही ऐकू."

कागद नसला तरी. रुक्मिणीला वाटलं, देवच बोलला.

"नाही मॅडम," तनया म्हणाली. "मी फक्त अभ्यास केला."

"फक्त अभ्यास," म्हातारे म्हणाले. त्यांना टोचायचं नव्हतं, पण ते टोचलंच. "आणि बारावीला चौऱ्याऐंशी?"

"हो सर. मला वेळ लागतो."

रुक्मिणीने पडदा धरला. दोन पावलं टाकली की ती खोलीत होती. दोन पावलं आणि एक वाक्य. पण त्या वाक्यानंतर पुढचं वाक्य काय, ते तिला दिसत होतं: कुठे वाजवते? कोणाबरोबर? आणि मग प्राजक्ता, हातात पट्टा घेऊन. ती पडदा धरून तशीच उभी राहिली. इतकी चीड तिला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती कोणावर काढावी हे कळत नव्हतं.

"तू गोव्याची ना," बाईंनी आणखी एकदा हात पुढे केला. "तिथे घुमट वाजवतात. मी एकदा गणपतीत ऐकलंय, अंगावर काटा आला होता. तुला येतं का?"

मेजाखाली, तनयाच्या पायाशी, घुमट होतं.

"ऐकलंय मॅडम," तनया म्हणाली. "गावात वाजवतात."

त्यांनी आभार मानले, तनयाने मानले, पडदा काळा झाला. निकाल दहा दिवसांनी कळवू असं ते म्हणाले होते. तो कळायला दहा दिवस लागणार नव्हते.

रुक्मिणी बाहेर आली ती फुटूनच. "कित्याक गो असां केलंस? किती फावटी पढवलंय तुका! ती बाई तोंडात घास देय होती! नाव घेवचा नाय, एवढांच सांगलेलंय. वाजवतंय म्हणूक काय झाला तुका?"

"वाजवतंय म्हटल्यार ती इचारतली, खंय," तनया म्हणाली. ती लॅपटॉपकडेच बघत होती. "डिचोलीचो व्हिडिओ नेटार आसा. खालती नाव आसा. दोन मिंटां लागतली तेंका. मगे प्राजूचा काय?"

"आणि तुजा काय? तुजा कोणी बघूचा?" रुक्मिणीचा आवाज फाटला. "तुज्या मामान ह्या केला, आणि भोगतलंस तू! त्या माणसान एकदा तरी तुका इचारलेल्यान, की बाय, तुजा नाव काढलंय तर चलात? बारा-तेरा वर्सांचा चेडू—"

"मामाचा सोड, आई."

तनया आता वळली होती. रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती, आणि तेच रुक्मिणीला सोसवेना.

"पयल्या वर्सा डिचोलेत," ती म्हणाली, "उत्कृष्ट वादक म्हणान प्राजक्ता गवस पुकारल्यानी. माका कळाक नाय वर जावचा की नाय. मी खालती बघलंय, तू खंय आसा ता. तू टाळ्यो वाजवी होतंस."

"तुज्यासाठीच वाजवी होतंय मगो!"

"नाव प्राजूचा होता." ती थांबली. "तू वाजवलंस नसतंस तर मी थंयच सांगलंय असतंय, ह्या माजा नाव न्हय. पण तू वाजवलंस. म्हणान माका वाटला, असांच असता."

रुक्मिणी खुर्चीवर बसली. मामा, नवरा, कॉलेज, चिटणीस, पणजीची बाई, सगळ्यांना ती गेले पंधरा दिवस एकेक करून धारेवर धरत आली होती. आता धरायला कोणी उरलं नव्हतं. "चूक माजी," ती म्हणाली. पुढे 'पण' येईल म्हणून तनया जरा थांबली. 'पण' आला नाही.

तिला ती दुपार आठवत होती. मांडवात तिसऱ्या रांगेत ती बसली होती, आणि नाव पुकारल्याबरोबर उठून उभी राहिली होती. बाकीचे थांबल्यावरही ती वाजवतच होती, तळहात लाल होईपर्यंत, सगळ्यांत जास्त वेळ.